सूर स्थिर, आवाज थरथरता : ट्रेमोलो पेडलचा अभ्यास



स्तोत्रसंहितेतील आठव्या, एक्याऐंशीव्या व चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रांच्या मथळ्यांत ‘गित्तीथ’ हा शब्द येतो. सहाव्या व बाराव्या स्तोत्रांच्या मथळ्यांत ‘शमीनीथ’ येतो. ही वाद्यांची नावे आहेत, चालींची आहेत की गायकांना दिलेल्या सूचना आहेत, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. ‘शमीनीथ’चा आठ या संख्येशी संबंध आहे एवढे मूळ भाषेवरून कळते, परंतु आठ तारांचे वाद्य की खालचे सप्तक, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. भाषांतर करणाऱ्यास असे शब्द जसेच्या तसे ठेवून पुढे जावे लागते. ज्यांनी ती स्तोत्रे गाइली त्यांना या शब्दांचा अर्थ इतका परिचित होता की तो लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

आपल्या काळातील वाद्यांचे शब्दही अशाच घोटाळ्यात सापडतात. अनेक मंडळ्यांत आज इलेक्ट्रिक गिटार वाजते आणि वादकाच्या पायाशी एक-दोन लहान धातूच्या पेट्या असतात. त्यांपैकी एका पेटीवर ‘ट्रेमोलो’ असे लिहिलेले असते. पायाने बटन दाबले की गिटारचा आवाज पाण्यावरील प्रकाशासारखा थरथरू लागतो. तरुण वादकास तो आवडतो. ज्येष्ठ सभासदांस तो सिनेमातला वाटतो. मग उपासना संपल्यावर दारात वाद होतो, आणि कित्येकदा पेटीबरोबर गिटारवादकही मागच्या बाकावर जाऊन बसतो. वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंस ती पेटी नेमके काय करते हे माहीत असते असे मात्र नाही. प्रस्तुत पाठात आपण तेवढेच समजून घेऊ : ट्रेमोलो म्हणजे काय, तो कोठून आला, तो कसा लावावा, आणि केव्हा बंद करावा.

१. नावाचा घोटाळा

‘ट्रेमोलो’ हा इटालियन शब्द आहे. त्याचा अर्थ ‘थरथरणारा’ असा होतो. थरथर दोन प्रकारची असू शकते. सूर आपल्या जागेवरून किंचित वर-खाली होत असेल तर ती सुराची थरथर. तिला पाश्चात्त्य संगीतात ‘व्हायब्रॅटो’ म्हणतात. सूर जागेवरच असेल, पण आवाज मोठा-लहान, मोठा-लहान होत असेल तर ती आवाजाची थरथर, तो ट्रेमोलो. शालेय विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर व्हायब्रॅटोमध्ये ध्वनीची वारंवारता बदलते आणि ट्रेमोलोमध्ये त्याचा आयाम बदलतो.

आपल्या परंपरेतील उदाहरण घ्या. दरबारी कानड्यातील कोमल गंधार गायक सरळ उभा ठेवीत नाही. तो त्यास आंदोलन देतो. तेथे सूर स्वतः झुलतो. ती ट्रेमोलोची जात नव्हे. याउलट पेटी वाजविणाऱ्याने एकच पट्टी दाबून ठेवली आणि भात्याला हलके हलके झटके दिले तर सूर तोच राहतो, आवाज मात्र लाटेसारखा उठतो आणि बसतो. तो हाताने केलेला ट्रेमोलो होय.

गिटारच्या जगात या दोन शब्दांची अदलाबदल झाली, आणि तिला एक कारखाना बराचसा कारणीभूत आहे. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकॅस्टर ही गिटार बाजारात आणली. तिच्या घोडीला एक धातूचा दांडा असतो. तो दाबला की तारा सैल होतात आणि सूर खाली येतो, म्हणजे येथे सूर बदलतो. परंतु कंपनीने त्या योजनेस ‘ट्रेमोलो’ असे नाव दिले. त्याच कंपनीच्या १९५५ च्या ‘ट्रेमोलक्स’ या ॲम्प्लिफायरमध्ये खराखुरा ट्रेमोलो होता आणि नावही बरोबर होते. पुढे १९६३ च्या सुमारास निघालेल्या ‘ट्विन रिव्हर्ब’सारख्या ॲम्प्लिफायरवर मात्र आवाजाच्या थरथरीला ‘व्हायब्रॅटो’ म्हटले गेले. म्हणून आजही दुकानात ‘ट्रेमोलो’ मागितल्यास कोणी दांडा दाखवितो, कोणी पेटी. वाचकांनी नावावर न जाता एकच प्रश्न विचारावा : कशाची थरथर होते, सुराची की आवाजाची?

हा भेद केवळ शब्दांचा नाही. सूर हलविणारे साधन समूहगायनात धोक्याचे असते, कारण गाणाऱ्यांना आधारस्वर हवा असतो. ट्रेमोलो सुराला हात लावत नाही. तो जे हलवितो ते काळाशी संबंधित आहे. प्रत्येक थरथर हा एक लहानसा ठोका असतो. यास्तव ट्रेमोलोचा प्रश्न सुरेलपणाचा नसून लयीचा आहे. या पाठातील सर्व सूचना या एका वाक्यातून निघतात.

२. थरथर नवी नाही

ही करामत विजेबरोबर आली असे समजू नये. युरोपातील चर्चमध्ये जे नळ्यांचे मोठे ऑर्गन होते त्यांत सोळाव्या शतकापासूनच वाऱ्याचा दाब हलविणारी योजना आढळते. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पायाने भाता चालविण्याचे, पत्तींचे ऑर्गन घरोघरी गेले. आपल्याकडे अशा पायाने चालणाऱ्या वाद्यास ‘पायपेटी’ म्हणत. संगीत नाटकांत आणि चर्चमध्ये ती दिसे. त्या अमेरिकन ऑर्गनपैकी पुष्कळांत ‘व्हॉक्स ह्युमाना’, म्हणजे ‘मानवी कंठ’, नावाचा खुंटा असे. तो ओढला की पत्तींजवळ बसविलेले एक हलके, सपाट पाते वाऱ्याने गरगर फिरू लागे आणि आवाज आळीपाळीने अडवून मोकळा करी. आपल्या काही हातपेट्यांवरही ट्रेमोलोचा खुंटा असतो.

लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड धरून ‘आ’ म्हणण्याचा खेळ बहुतेकांनी खेळला असेल. आवाज तुकड्यातुकड्यांनी परत येतो. पायपेटीतील ते पाते त्याच तत्त्वाचे. त्याला मानवी कंठाचे नाव का दिले, हेही समजण्याजोगे आहे. तयार गायकाच्या लांबविलेल्या सुरात दर सेकंदाला साधारण पाच ते सात कंप असतात. त्यामुळे कंप पावणारा सूर कानाला गळ्याच्या जवळचा वाटतो.

‘ट्रेमोलो’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तोही येथे नोंदवावा. एकच सूर पुन्हा पुन्हा वेगाने छेडणे यासही ट्रेमोलो म्हणतात. मेंडोलिनच्या तारेचा नाद लवकर विझतो. म्हणून सूर लांबवायचा असल्यास वादक पिक वरखाली झपाट्याने चालवितो. प्यारेलाल यांच्या जोडीने प्रसिद्ध झालेले संगीतकार लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) हे आरंभी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मेंडोलिन वाजवीत. हिंदी चित्रपटगीतांतील मेंडोलिनचा तो झिरमिळता नाद मराठी कानांना चांगला ओळखीचा आहे. याच्या उलट उदाहरण हवे असल्यास लखनौमध्ये जन्मलेले ख्रिस्ती वादक व्हॅन शिपली यांच्या इलेक्ट्रिक हवाईयन गिटारचे घ्यावे. तेथे तारेवर सरकणारा पोलादी तुकडा हलवून सुरालाच झोका देतात. मेंडोलिनची थरथर ठोक्यांची, हवाईयन गिटारची सुराची. जुनी ध्वनिमुद्रणे हा भेद मनात ठेवून ऐकल्यास तो कानात पक्का बसेल.

३. पेटीच्या आत काय घडते

गिटारसाठी स्वतंत्रपणे विकले गेलेले पहिले ध्वनिपरिणामाचे यंत्र ट्रेमोलोचेच होते असे मानतात. अमेरिकेत हॅरी डीआर्मंड यांनी ते रचले आणि ओहायो राज्यातील टोलेडो येथील रोव इंडस्ट्रीजने १९४० च्या दशकात विकले. त्यात एक लहान मोटर विजेचे वहन करणाऱ्या द्रवाची बंद काचेची कुपी हलवीत असे. द्रव हेलकावून आतील टोकाला लागला की गिटारच्या संकेताचा काही भाग जमिनीकडे वळे आणि आवाज उतरे; द्रव मागे गेला की आवाज पुन्हा चढे. बो डिडली या वादकाने हे यंत्र आपल्या गिटारला लावले आणि १९५५ मध्ये स्वतःच्याच नावाच्या गीताने ते गाजविले. हा वादक लहानपणी शिकागोतील चर्चच्या वाद्यवृंदात व्हायोलिन शिकला होता.

पुढे फेंडरच्या १९६० च्या दशकातील ॲम्प्लिफायरांत निराळी युक्ती आली. एका काळ्या नळीत लहान निऑन दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाशाने रोध बदलणारा घटक बसविला. दिवा लुकलुकतो, तो उजळला की घटकाचा रोध घटतो, संकेत जमिनीकडे पळतो आणि आवाज मंद होतो, दिवा विझला की आवाज परत येतो. आत दिवा उजळतो तेव्हा बाहेर आवाज मावळतो, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आजच्या पेडलमध्ये हेच काम ट्रान्झिस्टर वा चिप करते. साधन कोणतेही असो, कार्य एकच : कोणीतरी अदृश्य हात गिटारच्या आवाजाचा नॉब नियमितपणे खाली-वर फिरवितो. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. हा हात आवाज वाढवीत नाही, तो केवळ काढून घेतो. ट्रेमोलो पूर्ण खोलीवर आणि तुटक आकारात लावला तर निम्मा वेळ गिटार गप्प असते. ध्वनीची सरासरी शक्ती निम्मी, म्हणजे तीन डेसिबलने कमी होते. म्हणूनच पेडल दाबताच ‘आवाज गेला’ असे वाटते. काही पेट्यांवर यासाठी वेगळा आवाजाचा नॉब दिलेला असतो. नसल्यास ॲम्प्लिफायरचा आवाज पेडल चालू ठेवूनच ठरवावा.

४. तीन नॉब

बहुतेक ट्रेमोलो पेडलवर दोन किंवा तीन नॉब असतात. १९९७ मध्ये आलेल्या बॉस कंपनीच्या ‘टीआर-२’ या पेडलवर ‘रेट’, ‘डेप्थ’ व ‘वेव्ह’ असे तीन आहेत; इतर पेट्यांवर नावे बदलतात, काम तेच.

‘रेट’ किंवा ‘स्पीड’ हा वेग होय. एका सेकंदात किती थरथरी, हे तो ठरवितो.

‘डेप्थ’ किंवा ‘इंटेन्सिटी’ ही खोली होय. प्रत्येक थरथरीत आवाज किती उतरावा, हे ती ठरविते. किंचित उतरला तर नुसती झुळूक जाणवते. शून्यापर्यंत उतरला तर सूर तुटतुटून येतो.

‘वेव्ह’ किंवा ‘शेप’ हा लहरीचा आकार होय. त्रिकोणी किंवा गोलसर लहरीत आवाज हळूहळू चढतो-उतरतो. चौकोनी लहरीत तो एकदम येतो आणि एकदम जातो, जणू कोणी दिव्याचे बटन दाबीत आहे.

नवशिक्याने प्रथम लहर गोल ठेवावी, खोली घड्याळाच्या काट्याप्रमाणे नऊवर ठेवावी, आणि वेग शेवटी ठरवावा. पुष्कळजण याच्या उलट करतात : तिन्ही नॉब शेवटपर्यंत फिरवून काय होते ते पाहतात. खोलीत एकट्याने वाजविताना ते मनोरंजक असते. समूहात ते असह्य होते.

५. लयीचे गणित

आता मुख्य भाग. गीताची लय मिनिटाला ७२ ठोक्यांची आहे असे समजू. बहात्तरला साठने भागले की सेकंदाला १.२ ठोके येतात. एका ठोक्यात दोन थरथरी हव्या असतील तर वेग सेकंदाला २.४, तीन हव्या असतील तर ३.६, चार हव्या असतील तर ४.८.

पेडलच्या नॉबवर बहुधा असे आकडे नसतात. मग घड्याळ हाताशी घ्यावे. २.४ चा वेग म्हणजे दहा सेकंदांत २४ थरथरी. एक स्वरमेळ छेडून त्या मोजता येतात. वेगवान थरथरी मोजता येत नाहीत. तेथे बोल उपयोगी पडतात. पायाने ठोका देत एका ठोक्यात ‘ति-र-कि-ट’ म्हणावे आणि थरथर त्या चार अक्षरांशी जुळेपर्यंत नॉब फिरवावा. तीनांसाठी एका ठोक्यात ‘धा-धी-ना’ म्हणावे.

ताल ओळखणे आवश्यक आहे. केरव्याच्या आठ मात्रा दोन-दोनच्या विभागणीने चालतात. तेथे ठोक्यात तीन थरथरी ठेवल्या तर ढोलक एकीकडे ओढते आणि गिटार दुसरीकडे. सहा मात्रांच्या दादऱ्यात गाणाऱ्यांना तीनांचा झोका अपेक्षित असतो. तेथे प्रत्येक मात्रेस एक थरथर पुरते. मिनिटाला १५० मात्रांचा दादरा असेल तर वेग सेकंदाला २.५ होतो.

परंतु एवढे केल्यावरही एक अडचण उरते, आणि तीच खरी अडचण आहे. पेडलला ताल ऐकू येत नाही. माणसे एकत्र गाऊ लागली की लय वाढते; भजनात तर ती वाढावी अशीच अपेक्षा असते. आपण ७२ ला जुळविलेले गीत दुसऱ्या कडव्यात ७६ वर गेले असे धरा. आता ठोक्यास दोन या हिशेबाने गीताला सेकंदाला २.५३ थरथरी हव्या आहेत आणि पेडल २.४ देत आहे. हा फरक क्षुल्लक दिसतो. पण साडेसात सेकंदांत पेडल पूर्ण एक थरथर मागे पडते. त्या साडेसात सेकंदांच्या मध्यावर, जेथे गाणाऱ्यांचा ठोका येतो तेथे गिटार नेमकी गप्प होते. मंडळी अडखळते, आणि कोणालाही कारण कळत नाही. ‘आज गिटारवाल्याचा ताल चुकला’ एवढेच लोक म्हणतात. वादकाचा हात बरोबर असतो. त्याची पेटी चुकत असते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पायाने ठोका देऊन वेग बदलता येईल असे, ‘टॅप टेम्पो’चे पेडल वापरणे. दुसरा, खोली इतकी कमी ठेवणे की थरथर ठोक्यासारखी ऐकूच येऊ नये. तिसरा, वेग सेकंदाला पाच-सहापर्यंत नेणे; तेथे कान ठोके मोजणे सोडून देतो आणि त्यास एक सलग कंप म्हणून स्वीकारतो. साध्या पेडलने वाजविणाऱ्यास दुसरा व तिसरा उपाय एकत्र करणे सर्वांत सुरक्षित. खोल आणि संथ ट्रेमोलो एकट्या गिटारसाठी राखून ठेवावा.

६. एका कुटुंबाचा आदर्श

भक्तिगीतांत हे साधन कसे शोभते याचे उत्तम उदाहरण शोधू गेल्यास रोबक स्टेपल्स यांचे नाव पुढे येते. जग त्यांना ‘पॉप्स’ स्टेपल्स म्हणून ओळखते. त्यांचा जन्म १९१४ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात झाला. कापसाच्या मळ्याच्या परिसरात ते वाढले आणि तेथील ब्लूज वादकांची गिटार ऐकत वाजवू लागले. पुढे ते शिकागोस गेले, कारखान्यांत मजुरी केली, आणि घरी मुलांना भोवती बसवून गाणे शिकविले. १९४८ पासून हे कुटुंब चर्चमध्ये गाऊ लागले. १९५६ मध्ये व्ही-जे या कंपनीने ‘अनक्लाउडी डे’ या जुन्या भक्तिगीताचे त्यांचे ध्वनिमुद्रण काढले आणि ‘द स्टेपल सिंगर्स’ हे नाव सर्वत्र झाले.

त्या मुद्रणात पॉप्स यांची गिटार ट्रेमोलोने थरथरते. ती ऐकताना वादकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे : ते किती थोडे वाजवितात. मुलांचे आवाज चालू असताना गिटार मागे राहते. ओळ संपली, श्वास घ्यायला जागा झाली, की दोन-चार सुरांचे उत्तर येते आणि ते थरथरत विरते. गिटार शब्दांवरून कोठेही जात नाही. १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभांमध्ये भाषणापूर्वी हे कुटुंब गात असे. जेथे ऐकणाऱ्यांना प्रत्येक शब्द हवा होता, तेथेही हीच थरथरती गिटार चालली. पॉप्स २००० मध्ये निवर्तले.

यातून आपल्या दारातील वादास उत्तर मिळते असे वाटते. ही थरथर आधी ऑर्गनमध्ये होती, नंतर पायपेटीत होती, गिटारमध्येही भक्तीच्या सेवेत राहिली. ती ‘बाहेरची’ आहे हा आक्षेप टिकत नाही. ‘आम्हांस आवडते म्हणून सर्वत्र लावू’ हे म्हणणेही टिकत नाही, कारण पॉप्स यांनी ती सर्वत्र लावलेली नाही. त्यांनी तिला जागा ठरवून दिली.

७. समता कॉलनीतील एक खोली

तत्त्व समजले, आता ते प्रत्यक्ष घरात आणून पाहू. रायपूरच्या समता कॉलनीतील एखाद्या घरची संध्याकाळची प्रार्थनासभा डोळ्यांसमोर आणा. शेजारच्याच चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. या भागात मराठी कानावर पडणे नवे नाही. बैठकीच्या खोलीत वीस माणसे, त्यांत मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी आणि छत्तीसगढी बोलणारीही. एक हातपेटी, एक ढोलक, एक इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा लहानसा ॲम्प्लिफायर. दिवस मे महिन्याचे, पारा चाळीसच्या वर, खिडकीत कूलर.

पहिली गोष्ट कूलरची. त्याचा घुरघुराट सतत चालू असतो. ट्रेमोलो जेव्हा आवाज खाली नेतो तेव्हा ती मंद बाजू कूलरच्या आवाजात बुडते. ऐकणाऱ्यास केवळ वरचे टोक ऐकू येते, आणि थरथर आहे त्यापेक्षा खोल व तुटक वाटते. म्हणून शांत खोलीत ठरविलेली खोली अशा ठिकाणी आणखी कमी करावी.

दुसरी गोष्ट जागेची. ॲम्प्लिफायर जमिनीवर ठेवला तर वादकाच्या पोटऱ्यांना गिटार ऐकू येते आणि पुढे बसलेल्या आजींना नको तितकी. तो खुर्चीवर, किंचित वर तोंड करून, भिंतीच्या कोपऱ्यापासून दूर ठेवावा. शेजारच्या घराची भिंत लागून असेल तर त्यांचाही विचार करावा.

तिसरी गोष्ट विजेची. बहुतेक पेडल नऊ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्या ॲडॉप्टरचा मधला टोक ऋण असतो. घरातील इतर उपकरणांच्या अनेक ॲडॉप्टरांत तो धन असतो. टोक बसते म्हणून तो लावू नये. पेडल कायमचे बिघडू शकते. पेडलवर व ॲडॉप्टरवर छापलेले चिन्ह ताडून पाहावे. बॅटरीवर वाजवीत असल्यास सभा संपताच गिटारकडून येणारी केबल पेडलमधून काढावी; पुष्कळ पेडल ती केबल लावल्यानेच चालू होतात आणि रात्रभर बॅटरी खातात. ॲम्प्लिफायर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लावावा. गुणगुण कमी होते हा लाभ आहेच. वादकाच्या हातात तारा असतात, म्हणून ही सुरक्षिततेचीही बाब आहे.

चौथी गोष्ट क्रमाची. आवाज खरखरीत करणारे ‘ओव्हरड्राइव्ह’ पेडल असेल तर ते गिटारनंतर आधी आणि ट्रेमोलो त्याच्या पुढे ठेवावा. उलट केले तर ओव्हरड्राइव्ह मोठ्या-लहान आवाजाचा भेद दाबून टाकतो आणि थरथर बोथट होते. प्रतिध्वनी देणारी पेडल ट्रेमोलोनंतर ठेवावीत. मात्र प्रतिध्वनी फार वाढविला तर तो थरथरीमधल्या जागा भरून काढतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आता गीते. ‘उपासना संगीत’ उघडले तर दोन प्रकारच्या चाली भेटतात : पाश्चात्त्य चालींवरील गीते, आणि नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) परंपरेतील देशी चालींची भजने. संथ पाश्चात्त्य चालीत एकेक स्वरमेळ दोन-तीन ठोके टिकतो. तेथे हलका ट्रेमोलो त्या टिकण्याला जीव देतो. भजनात शब्द दाट असतात, ढोलक आणि टाळ्या काळाचे लहान लहान तुकडे आधीच करीत असतात. तेथे थरथरीला जागाच उरत नाही. भजन सुरू झाले की पाय उचलावा आणि पेडल बंद करावे. नुसत्या प्रार्थनेच्या वेळी, कोणी गात नसताना, पार्श्वभूमीला दोन-तीन सूर वाजवायचे असतील तर खोल व संथ ट्रेमोलोची ती योग्य जागा आहे.

८. स्वरांतील भेद

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, सातव्या वचनात, पौल बासरी व वीणा यांचा दृष्टांत देतो. वाद्यांच्या स्वरांत भेद नसेल तर काय वाजविले जात आहे हे ऐकणाऱ्यास कसे कळावे, असा त्याचा मुद्दा आहे. तेथील विषय वाद्यांचा नाही, मंडळीत बोलल्या जाणाऱ्या अन्य भाषांचा आहे; म्हणून या वचनावरून गिटारविषयी नियम काढणे योग्य होणार नाही. तथापि दृष्टांत देताना पौलाने वाद्यांविषयी जे गृहीत धरले ते खरे आहे. भेदासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘दिअस्तोले’ असा आहे. दोन वस्तू वेगळ्या ओळखू याव्यात इतके त्यांच्यातील अंतर, हा त्याचा भाव. ऐकणाऱ्यास अर्थ कळावा यासाठी सुरांमध्ये असे अंतर हवे असते.

ट्रेमोलो पेडल अंतरेच निर्माण करते. आवाजात नियमित रिकाम्या जागा पाडते. त्या जागा गाणाऱ्यांच्या शब्दांच्या जागांशी जुळल्या तर शब्द उठून दिसतात. न जुळल्या तर शब्दच पुसले जातात, आणि प्रथम पुसले जातात ते ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी. वृद्ध सभासद गीत ओठांवरून आणि ठोक्यावरून धरतात. त्यांचा ठोका हिरावला गेला तर ते गाणे थांबवितात, आणि बहुधा तक्रारही करीत नाहीत. गिटारवादकाने डोळे मिटून वाजविण्याऐवजी त्यांच्या ओठांकडे पाहावे. ते हलत असतील तर पेडल योग्य लागले आहे. ते थांबले तर नॉबची चर्चा नंतर करावी, पाय आधी उचलावा.

ज्येष्ठांनाही एक विनंती. तरुण वादक पेडल घेऊन आला तर ‘हे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘ही थरथर कशाची, दाखव बरे’ असे विचारावे. त्याला समजावून सांगता आले तर त्याने अभ्यास केला आहे. न आले तर हा पाठ दोघांनी मिळून वाचावा.

स्वाध्याय

१) एक हातपेटी घ्या. एकच पट्टी दाबून भात्याच्या झटक्यांनी आवाज हलवा. नंतर गळ्याने सूर वर-खाली झुलवा. या दोहोंतील ट्रेमोलो कोणता, ते सांगा.

२) आपल्या मंडळीत नेहमी गायल्या जाणाऱ्या तीन गीतांची लय घड्याळ लावून मोजा. प्रत्येकासाठी ठोक्यास दोन या हिशेबाने वेग काढा. पहिल्या व शेवटच्या कडव्याच्या लयीत किती फरक पडला तेही लिहा.

३) पेडलची खोली शून्यावर ठेवून एका मित्रास गाण्यास सांगा. तो गात असताना खोली हळूहळू वाढवा. त्याला प्रथम केव्हा अडचण वाटली ती खूण नॉबजवळ पेन्सिलीने करा. मंडळीत त्या खुणेच्या अलीकडेच राहा.

४) एक संपूर्ण गीत असे वाजवा की ओळ चालू असताना गिटार गप्प आणि ओळ संपल्यावर तिचे उत्तर. ट्रेमोलो केवळ त्या उत्तरातच लावा.

५) पुढील रविवारी ज्या गीतात पेडल वापरणार नाही ते गीत आधी ठरवा, आणि का, हे एका वाक्यात वहीत लिहा.